बिअरचा दगड घासून निघत नाही

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी भांडी घासत नाही. जर्मनीत आल्यापासून घरगुती बिअर बनवायची कितीतरी स्टीलची भांडी माझ्या हाताखालून गेली. त्यातलं एकही मी घासलेलं नाही. स्टील घासणारा माणूस त्या भांड्याचा वैरी असतो. हे मी जर्मन गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकले, आणि इथल्या मराठी मंडळींना सांगायचं तर केव्हाच सोडून दिलं. गणपतीच्या जेवणाला पानं वाढता वाढता कोणीतरी वहिनी गोड आवाजात विचारतातच, "काय गं अनघा, अजून दारूची भांडी घासतेस का?"

संपादकांनी ‘परदेशातल्या नोकरीतल्या गमतीजमती, हलकंफुलकं काहीतरी’ लिहायला सांगितलं होतं. गमती आहेत, त्याही सांगते. पण हा लेख मी रागात लिहितेय हे आधीच सांगितलेलं बरं. राग जुना आहे, पण शिळा झालेला नाही.

मी मूळची सांगलीकडची. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि लग्नाआधी एका दूध डेअरीत गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी केली. डेअरीच्या पाइपांमध्ये, टाक्यांमध्ये एक चिवट थर बसतो. दुधातलं कॅल्शियम, पाण्यातला क्षार आणि दुधातली प्रथिनं एकत्र येऊन होणारा. आम्ही त्याला दुधाचा दगड म्हणायचो. तो वेळच्या वेळी काढला नाही, तर त्याच्या आड जंतू घर करतात आणि हजारो लिटर दूध नासतं. हा दगड कसा काढायचा, हे मला डेअरीतल्या साहेबांनी शिकवलं आणि मी ते मन लावून शिकले. पुढे मंदारशी लग्न झालं, त्याला वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि मी सईला कडेवर घेऊन त्याच्यामागून इकडे आले. इथल्या डेअरीत माझ्या डिग्रीला कोणी विचारेना. भाषेचे क्लास करत, सईला किंडरगार्टनमध्ये सोडत-आणत काही वर्षं गेली. मग एकदा शेजारच्या गावातल्या दुकानाच्या काचेवर पाटी दिसली : मदतनीस हवा.

घरी बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांसाठी लागणारं सामान त्या दुकानात मिळायचं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, हॉप्सची फुलं, यीस्ट, मोठमोठी स्टीलची पातेली, आंबवायच्या टाक्या, बिअर थंड करायची नळ्यांची वेटोळी. मालक होल्गर. माझ्याच वयाचा, उंच, सतत हसरा. त्याच्या वडिलांनी दुकान सुरू केलं होतं. मुलाखतीत त्याने मला एक पातेलं दाखवलं. आतून पिवळट-करडा थर. "हे काय आहे, माहीत आहे?"

मी त्यावरून नख फिरवलं आणि म्हटलं, "ह्याच्या मावसभावाला मी चांगली ओळखते."

तो खूप हसला आणि मला कामावर घेतलं.

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या भागात पाणी जड आहे. चहाच्या किटलीत महिन्याभरात पांढरी खपली धरते, तिला इथे काल्क म्हणतात. पुण्या-मुंबईत गीझरच्या कॉइलवर बसते तीच. बिअर करताना ह्या पाण्यातल्या कॅल्शियमची जवातल्या आम्लाशी आणि प्रथिनांशी गाठ पडते आणि बिअरचा दगड तयार होतो. पातेलं ओलं असताना तो दिसत नाही. वाळलं की दिसतो. लोक धुऊन लगेच झाकण लावतात आणि समजतात, झालं लख्ख.

हा दगड दोन टप्प्यांत काढायचा. आधी कोमट पाण्यात क्षारयुक्त पावडर, म्हणजे सोड्याच्या जातीची. तिने प्रथिनं सुटतात. मग भरपूर पाण्याने खळबळून धुवायचं. त्यानंतर आम्ल, म्हणजे आंबट जातीचं द्रावण. त्याने खनिज विरघळतं. आपल्या घरी पितळेला चिंच लावतात आणि कुकरच्या तळाशी लिंबाची साल टाकतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. पुन्हा धुवायचं आणि उघड्यावर कोरडं होऊ द्यायचं. स्टीलच्या अंगावर एक अदृश्य कातडी असते, ती हवेत परत धरते. तारेची घासणी लावायची नाही, कारण तिचे लोखंडाचे कण रुततात आणि गंजतात. क्लोरीन वापरायचं नाही, कारण ते स्टीलला टोचून बारीक खड्डे पाडतं. आणि क्लोरीन नि आम्ल एकत्र तर कधीच, कुठल्याही कारणाने येऊ द्यायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो. माणूस मरतो.

एवढंच आहे. दहा-पंधरा वाक्यं. शाळेतल्या मुलालाही कळतील.

पण नाही! एक दातांचे डॉक्टर यायचे. त्यांनी ड्रिलला तारेचा ब्रश लावून आपली टाकी आतून ‘पॉलिश’ केली. दोन आठवड्यांत आत तांबूस ठिपके उठले. टाकी काउंटरवर आपटून ते ओरडले, "हे स्टील नकली आहे!" मी विचारलं, "पेशंटचे दातही तुम्ही असेच साफ करता का?" होल्गरने मला आत पाठवलं. ती टाकी पुन्हा धड करायला मला किती खपावं लागलं ते माझं मला माहीत.

आणि आपला एक पुण्याचा मुलगा, मंदारच्याच कंपनीतला. त्याची आई भारतातून राहायला येणार होती. तो घाईघाईने आंबवायची टाकी घेऊन दुकानात आला. "ताई, आई परत जाईपर्यंत ठेवून घ्या ना, प्लीज. तिला कळलं तर ती पुढच्याच विमानाने परत जाईल." टाकी ठेवून घ्यायला माझी हरकत नव्हती. पण आत बिअर तशीच वाळवून आणली होती पठ्ठ्याने! मी म्हटलं, "अरे, आईपासून लपवतोस ते लपव, पण निदान विसळून तरी लपव." पुढे त्याची आई मंडळाच्या कार्यक्रमात भेटली. मला म्हणाली, "आमचा बाळ्या इथे इडलीचं पीठसुद्धा घरी आंबवतो म्हणे." मी मान हलवली. जा, गेनाऊ. म्हणजे हो, अगदी तसंच.

तसं बघायला गेलं तर आमच्या घरीही वेगळं नव्हतं. मंदारने सासूबाईंना सांगून ठेवलं होतं की मी केमिकल लॅबमध्ये आहे. ‘लॅब’ म्हणजे दुकानामागची फरशीची खोली. एक सिंक, दोन मोठे ड्रम, खिडकीतला पंखा. मला त्या खोलीची कधी लाज वाटली नाही. लाज मंदारला वाटायची, आणि त्याचा मला राग यायचा.

ह्या सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये माझे सगळ्यात लाडके होते हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर. निवृत्त ट्रामचालक, सत्तरी ओलांडलेली, जाड भुवया, खिशात नेहमी पेपरमिंट. होल्गरच्या वडिलांचे जिवलग मित्र. वर्षातून दोनदा पातेलं घेऊन स्वतः यायचे आणि मी काम करत असताना स्टुलावर बसून राहायचे. "पोरी, तुमच्याकडे तांब्याच्या भांड्याला आतून काय लावतात म्हणालीस?" मी कल्हईचं सांगायचे. नवसागराचा धूर, कापसाचा बोळा, झरकन फिरणारी चांदी. ते डोळे मिटून ऐकायचे. बिअरची पहिली बाटली ते मला द्यायचे. मी बिअर पीत नाही हे त्यांना ठाऊक होतं. "पिऊ नकोस. उघडून वास घे. तुझ्या कामाचा वास आहे तो." मी घ्यायचे. खरंच सुरेख वास असायचा, भाजलेल्या धान्याचा.

मग होल्गरने ती पावडर आणली.

कुठल्याशा घाऊक व्यापाऱ्याकडून त्याला स्वस्तात मिळाली. मोठ्या पिंपातून काढून दुकानाचं नाव असलेल्या पांढऱ्या डब्यांमध्ये भरायची. ‘एकच पावडर, सगळं साफ’ असं वर लिहिलेलं. मी एका डब्याचं झाकण उघडलं आणि थेट स्विमिंग पूलचा वास आला.

"होल्गर, ह्यात क्लोरीन आहे."

"थोडंसं आहे. जंतू मरतात."

"स्टील खराब होईल. आणि दगड ह्याने निघणारच नाही, कारण ह्यात आम्ल नाही. मग लोक काय करतील? घरात आहे ते व्हिनेगर ओततील. इथे प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात एसिगएसेन्सची बाटली असते."

एसिगएसेन्स म्हणजे व्हिनेगरचा तीव्र अर्क. काल्क काढायला इथली प्रत्येक गृहिणी वापरते.

"लेबलवर लिहिलंय ना, आम्लात मिसळू नका."

लिहिलं होतं. मागच्या बाजूला, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. माझा चष्मा लावूनही मला ते खिडकीशी नेऊन वाचावं लागलं.

"डब्याच्या तोंडावर लाल रंगात लिही," मी म्हटलं.

"हे बघ, अनघा, मग विकत कोण घेईल?" तो हसला. तो सगळ्यावर हसायचा.

मी माझ्यापुरतं ठरवलं. डबा घेणाऱ्या प्रत्येकाला मी तोंडी सांगायचे. होल्गरला ते आवडायचं नाही. एकदा म्हणाला, "तू माझी गिऱ्हाइकं घाबरवतेस." मी म्हटलं, "हो. घाबरायलाच हवं."

हेर क्रेमर ह्यांना तो डबा मी दिला नव्हता. मी सुट्टीवर असताना होल्गरने स्वतः दिला, ‘आता पातेलं इथवर उचलून आणायची गरज नाही’ म्हणून. पाठदुखीने ते वाकले होते, त्यांना ते बरंच वाटलं असणार. एका शुक्रवारी दुपारी त्यांचा दुकानात फोन आला. मी उचलला.

"पोरी, होल्गरची ही जादू काही चालत नाही. सकाळपासून पातेलं भरून ठेवलंय. दगड जागचा हललेला नाही."

"हेर क्रेमर, नीट ऐका. ते पाणी आधी ओतून टाका. सगळं. पातेलं खूप वेळा धुवा, खिडकी उघडी ठेवून. त्यात दुसरं काहीही घालू नका. व्हिनेगर नाही, लिंबू नाही, कुठलंही आंबट नाही. विषारी वायू होतो. कळलं? पातेलं सोमवारी मी येऊन घेऊन जाते."

"बरं, बरं. काळजी करू नकोस. जरा होल्गरला दे, त्याला माल्टचं विचारायचंय."

मी फोन दिला. मी तिथेच उभी होते, हॉप्सची पाकिटं लावत. माल्टचं बोलणं झालं. मग होल्गर हसला आणि म्हणाला, "अरे, ती सगळ्यातच नाटक करते. नाही निघत तर एसिगएसेन्सचा एक घोट घाल आणि मोकळा हो. माझे बाबा तेच करायचे."

मी पुढे होऊन म्हटलं, "होल्गर, नाही! त्यांना परत सांग!" त्याने मला हाताने गप्प केलं आणि फोन ठेवून दिला. मी ताबडतोब उलटा फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. ते तळघरात गेलेले होते.

कपडे धुवायची खोली तळघरात. एक झरोका. पातेल्यात ती क्लोरीनची पावडर, आणि वरून त्यांनी अर्धी बाटली एसिगएसेन्स ओतली. त्यांच्या पत्नी फ्राउ क्रेमर वर बटाटे सोलत होत्या. त्यांना खोकला ऐकू आला, मग काहीतरी पडल्याचा आवाज. तोंडावर ओला टॉवेल धरून त्या खाली गेल्या आणि त्या सत्तरीच्या बाईने नवऱ्याला काखेत धरून जिन्यावरून वर ओढलं. हे मला नंतर त्यांनी सांगितलं. मी दुकानात उभी राहून फोन लावत होते, तेव्हा रस्त्यावरून अग्निशमनची गाडी गेली आणि मला कळलं की ती कुठे चाललीय.

हेर क्रेमर वाचले. पण फुप्फुसं भाजली ती भाजलीच. जिना चढणं संपलं. नाकात नळी आली.

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगते. पोलिसांचा एक माणूस चौकशीला दुकानात आला, तेव्हा होल्गर माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता म्हणाला, "फोन फ्राउ देवधर ह्यांनी घेतला होता. त्यांचं जर्मन तसं चांगलं आहे, पण फोनवर कधीकधी गैरसमज होतात."

मी काय घडलं ते सगळं सांगितलं. त्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्ही ‘घालू नका’ म्हणालात, ‘घाला’ नव्हे, ह्याची तुम्हाला खात्री आहे? ‘निश्ट’ हा शब्द तुम्ही नक्की वापरलात?"

निश्ट! जर्मनमधला ‘नाही’. अहो, ह्या देशात परका माणूस पहिला शब्द शिकतो तो हाच. भाड्याचं घर मागायला गेलात की निश्ट, डिग्री दाखवलीत की निश्ट, रविवारच्या शांततेत रिकाम्या बाटल्या डब्यात टाकायला गेलात की निश्ट. सगळे शब्द विसरेन, तो एक विसरणार नाही. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा. तो कसनुसा हसला.

घरी जेवणाच्या टेबलावर मी मंदारला म्हटलं, मी वकील बघणार आहे. त्याचा चेहरा पडला.

"अनघा, आइनब्युर्गरुंगचा अर्ज गेलाय आपला. नागरिकत्वाचं काम तोंडाशी आलेलं असताना पोलिस, वकील... कशाला? तुझ्यावर काही केस नाहीये ना? नोकरी सोड आणि विषय संपव. नाहीतरी ती कुठली मोठी नोकरी होती."

"कुठली मोठी नोकरी होती?" मी विचारलं.

तो ताटाकडे बघायला लागला. सई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, जेवताना कधी तोंड न उघडणारी. तिने काटा खाली ठेवला आणि जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, तिने जे सांगितलं तेच बरोबर होतं. आणि तू तिलाच गप्प बसायला सांगतोयस?" मराठीत असतं तर मंदारने तिला दटावलं असतं. जर्मन ऐकून त्याने पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

मंदार वाईट माणूस नाही. पण त्या संध्याकाळी मला तो होल्गरच्या शेजारी उभा असल्यासारखा दिसला. हे मी त्याला सांगितलंय, आणि हा लेख तो वाचणार आहे.

वकिलाने सांगितलं की एकच गोष्ट उपयोगाची आहे : हेर क्रेमर काय म्हणतात ते. त्यांना थोडं बरं वाटल्यावर मी हॉस्पिटलमध्ये गेले. ते खिडकीशी बसले होते, फ्राउ क्रेमर शेजारी विणत होत्या.

"तुला त्रास झाला म्हणे," ते म्हणाले. दर तीन-चार शब्दांनी थांबत.

"हेर क्रेमर, फोनवर मी काय सांगितलं ते तुम्ही त्यांना सांगितलंत का?"

"मला नीट आठवत नाही."

"आठवत नाही, की आठवायचं नाही?"

फ्राउ क्रेमर ह्यांच्या सुया थांबल्या. "बिट्टे, प्लीज, फ्राउ देवधर. त्यांना त्रास होतो."

पण हेर क्रेमर ह्यांनीच हात वर करून त्यांना थांबवलं. "होल्गरच्या बापाने मला बिअर करायला शिकवली. मी बोललो तर दुकान जाईल पोराचं."

"आणि माझं नाव गेलं ते?"

"तू शिकलेली आहेस, पोरी. तुला कुठेही काम मिळेल."

मला त्या क्षणी होल्गरपेक्षाही त्यांचा जास्त राग आला. होल्गर भित्रा होता. हे भित्रे नव्हते. ह्यांनी वजन केलं होतं. एका पारड्यात मित्राचा मुलगा, दुसऱ्यात मी, आणि शांतपणे पारडं झुकू दिलं होतं. आणि वर मला समजूतदारपणे सांगत होते, की तुला काय फरक पडतो. कल्हईच्या गोष्टी ऐकताना मिटलेले ते डोळे मला आठवले. ‘बरे व्हा’ एवढंही मला म्हणवलं नाही. मी निघून आले.

चौकशी विरून गेली. लेबलवर सूचना होती, सल्ला कोणी दिला ह्यावर एकमत नव्हतं, आणि ज्याला दिला त्याला आठवत नव्हतं. होल्गर मला म्हणाला, "झालं गेलं विसरू या. भाषेचा गैरसमज होता एवढं मान्य कर, आणि सोमवारपासून ये." मी राजीनामा काउंटरवर ठेवला. त्या दिवशी तो हसला नाही, एवढंच माझं समाधान.

मग मी माझंच काम सुरू केलं. एका शेतकऱ्याची वापरात नसलेली शेड भाड्याने घेतली. मोठी दारं, वाऱ्याचा झोत, उतार असलेली फरशी. सुरुवातीला फारसं कोणी येईना. गावात एवढंच पसरलं होतं की ‘त्या भारतीय बाईने काहीतरी चुकीचं सांगितलं आणि क्रेमर मरता मरता वाचला.’ एक माणूस तर दारातून पातेलं परत घेऊन गेला. त्याच्या बायकोने फोन करून त्याला सांगितलं, तिथे देऊ नकोस म्हणून. त्याने मला तसं सांगितलंही, प्रामाणिकपणे, माफी मागत. जर्मन माणूस अपमानही नियमानुसार करतो. मला दारूच्या भांड्यांवरून टोमणे मारणाऱ्या आपल्या वहिन्यांनाही ही बातमी पोचली होती. "आम्ही म्हणतच होतो, कशाला त्या फंदात पडायचं," असं त्या म्हणाल्या. दोन्हीकडून मार. पण दगड कोणाच्या बोलण्याने विरघळत नाही. जवळपासच्या दोन छोट्या पबनी काम द्यायला सुरुवात केली, त्यांचं बघून हौशी लोक हळूहळू परतले.

गेल्या शरद ऋतूत आमच्या भागातल्या हौशी बिअरवाल्यांच्या संघटनेची बैठक होती, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. चिटणीस बाईंनी मला भाषणाला बोलावलं, साफसफाई ह्या विषयावर. "लोक अजून घाबरलेले आहेत," त्या म्हणाल्या. "फक्त... जुनं काही उकरू नका." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मंदार म्हणाला, "मी येतो." मी विचारलंही नव्हतं. तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला. पहिल्या रांगेत होल्गर होता. दुसऱ्या रांगेच्या कडेला हेर क्रेमर, नाकात नळी, शेजारी फ्राउ क्रेमर.

मी पातेलं दाखवलं, दगड दाखवला, आधी क्षार, मग पाणी, मग आम्ल, हे सांगितलं. मग क्लोरीनवर आले आणि थांबले. आणि म्हटलं, "हे मी इथे बसलेल्या एका माणसाला फोनवर सांगितलं होतं. शब्दशः. मग माझ्या हातातला फोन दुसऱ्या माणसाने घेतला आणि त्याने उलट सांगितलं. तेव्हापासून ह्या गावात म्हणतात, की मला जर्मन येत नाही."

हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. कोणीतरी पुटपुटलं, "हे इथे कशाला?" होल्गर मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "तो गैरसमज होता. खूप बोललो आपण त्यावर." आणि हसला.

तेव्हा हेर क्रेमर बोलले. बसूनच. आवाज इतका बारीक, की लोकांना आधी कळलंच नाही कोण बोलतंय.

"तिने मला सांगितलं होतं." दम घेतला. "घालू नका म्हणाली." परत दम. "आणि हा हसला. आत्ता हसतोय तसा."

मग त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. फ्राउ क्रेमर त्यांची पाठ चोळत राहिल्या. लोक जमिनीकडे बघत होते. माझी कोणी माफी मागितली नाही. हेर क्रेमर ह्यांनीही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं, तेवढंच. मला वाटत होतं की हे शब्द ऐकले की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट मनात आलं, अहो, हे एक वाक्य होतं. हॉस्पिटलमध्येही एवढाच दम लागला असता.

चिटणीस बाईंनी घाईने विचारलं, "प्रश्न? कोणाला काही प्रश्न?" एकाने नळाच्या रबरी वॉशरखाली दगड धरतो त्याचं विचारलं. मी उत्तर दिलं. आणि मग पहिल्या रांगेतून होल्गरचा हात वर आला. मान लाल झालेली, हसू गेलेलं.

"आम्ल कुठलं वापरायचं? किती पातळ?" तो म्हणाला. "मी ती पावडर बंद करतोय. दुकानात दुसरं ठेवायचंय."

खरं सांगते, मला हातातलं पातेलं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. माझं ज्ञान, जे त्याने नाटक ठरवलं होतं, ते आता त्याला फुकट हवं होतं, विकायला. न देण्याचा मला पूर्ण हक्क होता. मागच्या रांगेत मंदार पुढे सरकून बसला होता. पण हॉलमध्ये जे बसले होते त्यातले निम्मे त्याच दुकानातून सामान नेतात. त्यांच्याही घरी तळघरं आहेत आणि वर बटाटे सोलणाऱ्या बायका आहेत.

मी सांगितलं. कुठलं आम्ल, किती पातळ, किती वेळ ठेवायचं. क्लोरीन त्याच्या आसपासही नको, आधी की नंतर असा प्रश्नच नाही, मुळीच नको. तो मान डोलवत होता.

"आता तू म्हणून दाखव," मी म्हटलं.

"काय?"

"मी काय सांगितलं ते. सगळ्यांना ऐकू जाईल असं. पुन्हा गैरसमज नको."

तो इकडे तिकडे बघायला लागला. कोणी त्याच्या मदतीला आलं नाही. शेवटी तो उभा राहिला आणि म्हणायला लागला. आधी क्षार. मग पाण्याने धुवायचं. मग आम्ल. क्लोरीनबरोबर आम्ल कधीही... इथे तो अडखळला, घसा खाकरला आणि उरलेला शब्द गिळून घाईघाईने बसायला लागला.

"निश्ट," मी म्हटलं. "उभा राहा. पहिल्यापासून म्हण."